नात्यांचा नकाशा काढणाऱ्या इरावतीबाई



आपल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एखाद्या जुन्या इमारतीचा जिना कधी सावकाश चढून पाहा. विमानतळ २०१४ साली हमदला गेला, पण आपल्या भागाचे नाव तेच राहिले. अरबीतही लोक अजून 'मतार कदीम'च म्हणतात. तर आमच्या जिन्यात तळमजल्यावर लखनौकडचे कुटुंब आहे, पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर मदुराईचे आणि तिसऱ्यावर त्रिशूरचे. प्रत्येक मजल्यावर फोडणीचा वास वेगळा, सणांच्या तारखा वेगळ्या आणि लग्नाचे नियमही वेगळे!

हे शेवटचे मला कळले ते गेल्या वर्षी. मदुराईची शेजारीण सुट्टीहून परतली आणि घरातल्या एका लग्नाचे फोटो घेऊन आली. मुलगी तिची भाची आणि नवरदेव त्या मुलीचा सख्खा धाकटा मामा! लखनौच्या भाभींच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. त्यांना सावरावे म्हणून मी सांगायला गेले की आमच्याकडे मामाशी लग्न होत नाही, मामाच्या मुलीशी मात्र पुष्कळ घरांत चालते. त्या आणखीच गोंधळल्या. त्यांच्या लेखी मामाची मुलगी म्हणजे बहीणच. तेवढ्यात माझी चौदा वर्षांची लेक म्हणाली की तिच्या वर्गातल्या एका अरब मैत्रिणीचे आईवडील एकमेकांचे चुलत भाऊ-बहीण आहेत. आता दचकायची पाळी माझी होती. सगळ्या गेल्यावर लेकीने विचारले, मग यातले बरोबर कोण? मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री आठवण झाली ती एका मराठी बाईंची. हाच प्रश्न घेऊन त्या भारतभर फिरल्या होत्या आणि बरोबर कोण असे न विचारता हे असे का, हे त्यांनी शोधले होते. त्या म्हणजे डॉ. इरावती कर्वे. 'युगान्त'मुळे त्यांचे नाव आपल्या घराघरांत आहे. पण जगभरच्या अभ्यासकांमध्ये त्या ओळखल्या जातात त्या लग्नाच्या चालीरीती आणि नातेसंबंध यांच्या संशोधनासाठी. या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांचीच ओळख करून द्यावी असे वाटले. त्याला आणखी एक कारण आहे. त्याही आपल्या मुलांसारख्याच परदेशात जन्मल्या होत्या.

ब्रह्मदेशातली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंग्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत नोकरीला होते. आज आपण आखाती देशात येतो तसे त्या काळी पुष्कळ लोक पोटापाण्यासाठी ब्रह्मदेशात जात. म्यिंग्यान हे इरावती नदीकाठचे गाव. त्या नदीवरूनच मुलीचे नाव ठेवले गेले. परमुलुखातल्या नदीचे नाव मराठी मुलीला! पण ते नाव इतके आपले होऊन गेले की आज कोणाला ते परके वाटत नाही.

मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा शिक्षणासाठी तिला पुण्याला पाठवायचे ठरले. हुजूरपागेच्या शाळेत, वसतिगृहात. आईवडील समुद्रापलीकडे आणि मूल इकडे. आपल्यापैकी ज्यांनी दहावी-बारावीसाठी मुलांना भारतात आजी-आजोबांकडे ठेवले आहे त्यांना या एका वाक्यात किती काय भरले आहे ते सांगायला नको. आपल्याकडे निदान रोज फोनवर चेहरा दिसतो. तेव्हा बोटीने येणाऱ्या पत्राचीच वाट पाहायची.

पण या मुलीचे नशीब चांगले. शाळेत तिची शकुंतला परांजपे हिच्याशी मैत्री झाली. शकुंतला ही रँग्लर र. पु. परांजपे यांची मुलगी. रँग्लर परांजपे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते आणि केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येणारे पहिले भारतीय होते. शकुंतलेच्या आईने इरावतीला आपल्या घरी आणले आणि दुसरी मुलगी म्हणूनच वाढवले. ब्रह्मदेशातून आलेल्या मुलीला पुण्यात एक घर मिळाले, पुस्तकांनी आणि वादविवादांनी भरलेले. रक्ताचे नाते नसताना माणसे कशी नातलग होतात, हे तिने लहानपणीच अनुभवले. पुढे ज्या विषयात तिने आयुष्य घातले त्याचा पहिला धडा असा घरातच मिळाला म्हणायला हरकत नाही.

लग्नाची चर्चा करणारे सासर

१९२६ साली इरावतीबाई फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला. घुर्ये मूळचे मालवणचे आणि भारतातल्या समाजशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक. त्यांच्याकडे इरावतीबाईंनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला आणि १९२८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली.

मराठीत हा विषय अगदीच नवा नव्हता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्याआधीच भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर लेख लिहिले होते. जुन्या ग्रंथांतले पुरावे काढून त्यांनी दाखवले की आज आपण जिला सनातन म्हणतो ती लग्नाची रीत काळाप्रमाणे बदलत आलेली आहे. लोकांना ते मुळीच रुचले नाही. राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले. त्यांचा आधार होता जुन्या ग्रंथांचा. जिवंत माणसांच्या दारात जाऊन तोच प्रश्न विचारण्याचे काम अजून व्हायचे होते.

दरम्यान इरावतीबाईंचे लग्न झाले होते ते दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवीत आणि पुढे त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांचे वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. महर्षींनी १८९३ मध्ये स्वतः विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. दीर रघुनाथराव कर्वे संततिनियमनाचा प्रचार केल्याबद्दल समाजाचा रोष सहन करीत होते. लग्न म्हणजे काय आणि ते कोणासाठी, हा प्रश्न ज्या घरात रोज जगला जात होता, त्या घरात या सून म्हणून आल्या!

आता गंमत पाहा. इरावतीबाईंनी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचे ठरवले तेव्हा खुद्द महर्षींना ते पसंत पडले नाही. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेला माणूस, पण घरच्या सुनेने बोटीत बसून परदेशी जावे हे त्यांच्याही गळी उतरेना. दिनकरराव मात्र बायकोच्या बाजूने ठाम राहिले. डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांच्याकडून पैसे उसने घेतले आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधल्या कवट्या

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. मानवाच्या शरीराची मापे घेऊन वंश ठरवायचे, हे तेव्हाचे मोठे शास्त्र समजले जाई. फिशर त्यातले मोठे नाव. पुढे नाझी राजवटीत वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत तेही होते. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत असणाऱ्या फरकाचा. हा फरक गोऱ्या युरोपीय लोकांत अधिक असतो आणि त्यांच्या बुद्धीशी त्याचा संबंध आहे, असा फिशर यांचा कयास होता.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. जगाच्या वेगवेगळ्या भागांतून गोळा केलेल्या त्या कवट्या होत्या. शेवटी जे आकडे हाती आले ते त्यांनी तसेच मांडले. वंशाचा आणि या फरकाचा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वय पंचविशीच्या आतबाहेर, उसने पैसे घेऊन परक्या देशात आलेली एकटी बाई आणि समोर आपली पदवी ज्याच्या हातात आहे तो गुरू. त्या गुरूला हवे असलेले उत्तर देणे किती सोपे होते! पण त्यांनी ते दिले नाही. पदवी मिळाली, गुण मात्र जेमतेम मिळाले.

मला तर वाटते, इरावतीबाईंचे मोठेपण कळायला हा एकच प्रसंग पुरेसा आहे. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केले. आधी मोजायचे, विचारायचे, ऐकायचे आणि मग जे दिसेल ते सांगायचे, कोणाला आवडो वा न आवडो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी सासऱ्यांनी स्थापलेल्या महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. पण कचेरीच्या कामात त्यांचे मन रमणारे नव्हते. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि तिथे त्या समाजशास्त्र शिकवू लागल्या. नंतर तिथल्या समाजशास्त्र आणि मानवशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या आणि अखेरपर्यंत त्यांची ओळख याच संस्थेशी जोडलेली राहिली. भारतातल्या पहिल्या महिला मानवशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

पण पदे सांगून इरावतीबाई कळत नाहीत. त्या कळतात त्यांच्या प्रवासातून. सुट्टी लागली की त्या निघायच्या. रेल्वे, एसटी, बैलगाडी, जे मिळेल ते वाहन. दक्षिणेतल्या जंगलांपासून बिहारपर्यंत त्या आदिवासी पाड्यांवर, खेड्यांत, वाड्यावस्त्यांवर हिंडल्या. डोक्याची, नाकाची, उंचीची मापे घेत, रक्ताचे नमुने गोळा करीत. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणजच्या उत्खननातही त्यांनी भाग घेतला. तिथे अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे सापडले. पुण्यात त्या स्कूटर चालवीत. पन्नाशीच्या दशकात, नऊवारी-सहावारीच्या पुण्यात, एक उंच, गोरी, भारदस्त बाई स्कूटरवरून चालली आहे हे दृश्य पाहायला लोक थांबत असणार! कुंकू आणि मंगळसूत्र त्या वापरीत नसत. नवऱ्याला नावाने हाक मारीत. मुलेही आईवडिलांना इरू आणि दिनू म्हणत. आणि हीच बाई गावोगावच्या बायकांजवळ बसून, तुमच्यात सासूला काय म्हणतात, नणंदेच्या नवऱ्याला काय म्हणतात, मुलगी किती लांब देतात, हे तासन्‌तास विचारीत असे.

शरीराची मापे घेऊन समाज समजून घेण्याची ती पद्धत आज मागे पडली आहे. वंशांच्या त्या जुन्या वर्गवारीवर आता शास्त्राचा विश्वास उरलेला नाही. पण बायकांजवळ बसून लिहून घेतलेल्या त्या साध्या शब्दांचे मोल कमी झाले नाही. उलट त्यातूनच त्यांचा मोठा ग्रंथ तयार झाला.

चार मजल्यांचा भारत

१९५१-५२ मध्ये त्या लंडनला गेल्या होत्या. तिथे त्यांनी आपल्या या ग्रंथाला आकार दिला आणि १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने तो प्रसिद्ध केला. भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा हा इंग्रजी ग्रंथ आजही अभ्यासक वाचतात. वेदांपासून महाभारतापर्यंत आणि पाली-प्राकृतापासून आजच्या बोलीभाषांपर्यंत, नात्यांचे शब्द त्यांनी गोळा केले. त्या शब्दांना लग्नाच्या नियमांची जोड दिली आणि भारताचे चार भाग पाडले. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व.

ग्रंथ मोठा आहे. पण आमच्या जिन्यावरून तो सहज समजतो, म्हणून तसाच सांगते.

तळमजल्यावरच्या लखनौच्या भाभी म्हणजे उत्तर. तिथे मुलगी द्यायची ती नात्याबाहेर आणि बऱ्याच ठिकाणी गावाबाहेरही. अनेक जातींत वडिलांचे, आईचे आणि दोन्ही आज्यांचे अशी चार गोत्रे टाळतात. गावातली सगळी मुले-मुली भाऊ-बहीण मानायची. त्यामुळे मुलगी जाते ती अगदी अनोळखी घरी. म्हणून तिकडे गावची लेक आणि गावची सून यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचे अंतर. लेक मोकळी आणि सून पदराआड. ससुर, मामा, फूफा हे शब्दही तिकडे अगदी वेगळे. सासरचा माणूस माहेरच्या माणसात मिसळत नाही, शब्दातसुद्धा नाही.

दुसऱ्या मजल्यावरची मदुराई म्हणजे दक्षिण. तिथे लग्न नात्यातच घट्ट विणायचे. मामाची मुलगी, आत्याची मुलगी, थोरल्या बहिणीची मुलगी, सगळे चालते. तमिळमध्ये मामा या एकाच शब्दात आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि सासरा सगळे येतात. आत्या आणि सासू यांनाही एकच शब्द. मुलगी सासरी जाते म्हणजे कुठे जाते? लहानपणी जिच्या मांडीवर खेळली त्या आत्याकडे किंवा आजीकडे. तिथे पदर ओढायचा तो कोणापुढे?

तिसऱ्या मजल्यावरचे केरळ दक्षिणेतच येते, पण त्यातही वेगळे. तिथल्या नायर घरांत पूर्वी मुलगी सासरी जातच नसे. ती आईच्या घरी, तरवाडात राहायची. घरचा कर्ता मामा आणि वारसा मुलाकडे न जाता भाच्याकडे. या पद्धतीला मरुमक्कत्तायम म्हणत. १९७५ च्या कायद्याने ती संपली. आमच्या त्रिशूरच्या शेजाऱ्यांच्या आजीने ती पाहिलेली आहे.

पूर्वेचा मजला आमच्या जिन्यात नाही. तिकडे मुंडा, खासी अशा लोकांच्या आणखी वेगळ्या रीती. खासींमध्ये कूळ आईकडून चालते आणि घराचा वारसा सर्वांत धाकट्या मुलीकडे जातो.

आणि मधल्या मजल्यावर आपण! इरावतीबाईंनी महाराष्ट्र मध्य विभागात घातला, जिथे उत्तर आणि दक्षिण एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे पुष्कळ जातींत मुलाने मामाची मुलगी करावी, नव्हे मराठा समाजात तर ती हक्काचीच. पण आत्याची मुलगी करायची नाही. म्हणजे मुलगी आत्याच्या घरी सून म्हणून जाऊ शकते, पण आत्याची लेक उलट आपल्या घरी सून म्हणून यायची नाही. एकदा गेलेला वेल माघारी फिरू नये, अशी समजूत. त्यातही देशस्थ ऋग्वेदींमध्ये मामेबहीण चालते, कोकणस्थांत सहसा चालत नाही. मराठ्यांत शिवाय देवक पाहायचे. देवक एक असेल तर लग्न नाही.

आपली ही मधली जागा आपल्या भाषेतही आहे, फक्त आपले तिकडे लक्ष जात नाही. सासू आणि सासरा हे शब्द संस्कृतातून आले, उत्तरेसारखे. पण जुन्या घरांत सून सासऱ्याला हाक काय मारायची? मामंजी! आणि सासूला? आत्याबाई! हे शब्द दक्षिणेच्या रीतीचे. अक्का आणि अण्णा हेही तिकडचेच. माझी आजी तिच्या सासऱ्यांना मामंजी म्हणायची. ते तिचे कोणीच मामा नव्हते. आम्हाला ती नुसती हाक वाटायची. त्या हाकेत शेकडो वर्षांची एक चाल लपलेली होती, हे इरावतीबाईंमुळे कळले.

इरावतीबाईंचा ग्रंथ भारतापुरता आहे. पण एकदा त्यांची नजर मिळाली की ती इथेही चालते. लेकीच्या मैत्रिणीचे उदाहरण घ्या. अरब समाजात काकाच्या मुलीशी लग्न ही जुनी मानाची रीत. आणि अरबीत सासऱ्याला आदराने काय म्हणतात? 'अम्मी', म्हणजे माझे काका! आपले मामंजी आणि त्यांचे अम्मी. हाक मारायची तऱ्हा अगदी तीच, फक्त नाते वेगळे. ज्या घरात मुलगी हक्काने द्यायची त्या घरच्या मोठ्या माणसाला त्या नात्याने हाक मारायची. माझे दचकणे तिथेच थांबले. लखनौच्या भाभींना मी वेगळी वाटले, मला अरब कुटुंब वेगळे वाटले, आणि प्रत्येकाच्या रीतीला आपापले कारण होते. आरोग्याचा प्रश्न निराळा. तो डॉक्टरांचा, आणि कतारमध्ये २००९ पासून लग्नाआधीची तपासणी सक्तीचीच आहे.

आपल्या कायद्यानेही ही विविधता मान्य केली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जवळच्या नात्यातले लग्न वर्ज्य आहे, पण दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर ते चालते. एकच धर्म, पण लग्नाचा नियम एक नाही.

जात, महाभारत आणि वारी

लग्नाचा धागा धरूनच इरावतीबाई जातीपर्यंत पोहोचल्या. १९६१ मध्ये हिंदू समाजावरचे त्यांचे पुस्तक आले. एकच मोठी जात फुटून पोटजाती झाल्या, असे तेव्हा मानले जाई. त्यांचे गुरू घुर्येही तसेच म्हणत. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातले कुंभार पाहिले. त्यांच्यात थोरचाके आणि लहानचाके असे वेगवेगळे गट. त्यांची चाके वेगळी आणि त्यांच्यात आपसांत लग्नेही होत नसत. हे गट मुळातच वेगळे असावेत, केवळ धंदा एक म्हणून एका नावाखाली आले असावेत, असे त्यांनी मांडले. म्हणजे जात कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते धंद्यावरून कळत नाही, सोयरीक कुठपर्यंत होते त्यावरून कळते. गुरूचे मत खोडायचे धैर्य त्यांनी बर्लिनमध्ये दाखवले होते, तेच मुंबईच्या गुरूंपुढेही दाखवले.

'युगान्त' १९६७ मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेही एका अर्थाने लग्नांचेच पुस्तक आहे. महाभारतातल्या नियोगाकडे, द्रौपदीच्या पाच पतींकडे, कुंती-माद्रीकडे त्यांनी देवाच्या गोष्टी म्हणून पाहिले नाही. घराण्यात घडलेल्या घटना म्हणून पाहिले. भीष्मांचा त्याग आपण सगळे गातो. पण त्या त्यागापायी अंबा, अंबिका, गांधारी, कुंती यांच्या वाट्याला काय आले, हे त्यांनी विचारले. अर्जुनाने सुभद्रेशी लग्न केले ती त्याची सख्खी मामेबहीण, हेही आपण किती सहज वाचून जातो! महाभारतातली लग्ने वाचताना त्यांच्या मनात आपल्या खेड्यापाड्यांतली लग्ने होती.

या सगळ्यात त्यांच्या अंगी कोरडेपणा मात्र नव्हता. त्या पंढरीच्या वारीला पायी गेल्या. ज्यांची पावले पंढरपूरकडे वळतात त्यांचा देश तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची नवी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सापडली. पण त्याच वारीत एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगळ्या पंक्तीला बसतात हे पाहून त्यांना झालेले दुःखही त्यांनी लपवले नाही. विठोबाला तर त्यांनी आपला 'बॉयफ्रेंड' म्हणून टाकले! धरणामुळे उठलेल्या कोयनाकाठच्या गावांत जाऊन, घरदार सोडावे लागलेल्या माणसांचेही त्यांनी ऐकून घेतले. १९६९ मध्ये तो अहवाल प्रसिद्ध झाला. त्या कामात त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी, लेखिका जाई निंबकर होती. धाकटी गौरी देशपांडे हीसुद्धा मराठीतली मोठी लेखिका झाली आणि मुलगा आनंद शास्त्रज्ञ झाला.

११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी इरावतीबाई गेल्या. त्यांनी आखलेले चार विभाग इतके काटेकोर नाहीत, एकेका विभागात पुष्कळ अपवाद आहेत, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. शास्त्र असेच पुढे जाते. पण आधी कोणीतरी नकाशा काढावा लागतो, तेव्हाच त्यातल्या चुका दाखवता येतात.

शेवटी एक आठवण

त्यांच्या 'परिपूर्ती' या लेखात एक प्रसंग आहे. एका सभेत त्यांची ओळख करून देताना वक्त्यांनी त्यांना अमक्याची मुलगी, महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी असे सांगितले. त्यांना वाटत राहिले की या ओळखीत काहीतरी राहिले आहे. मग एकदा रस्त्याने जाताना खेळणाऱ्या मुलांपैकी एकाने दुसऱ्याला सांगितले की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तेव्हा त्यांची ओळख पुरी झाली! त्यात मिस्कीलपणा आहे, थोडी बोचही आहे. एवढी विद्वान बाई, पण समाज तिला ओळखतो ते नात्यानेच. आणि ते नाते तिला स्वतःलाही हवेसे वाटते.

मंडळी, आपली मुले इथे वाढताहेत. त्यांच्या तोंडी सगळे अंकल आणि सगळ्या आंटी. काका, मामा, मावशी, आत्या यांतला फरक त्यांना सुट्टीत पंधरा दिवस भेटतो आणि विमानात बसताच विसरला जातो. जाऊ, नणंद, भावजय, साडू हे शब्द तर काहींनी ऐकलेलेही नसतील. उद्या हीच मुले लग्न करतील. कोणी मराठी घरात, कोणी तमिळ घरात, कोणी आणखी दूर. मुलाने कोणाशी लग्न करावे हे इरावतीबाईंनी कोणाला सांगितले नाही, मीही सांगणार नाही. पण समोरच्या घरात जाताना, त्यांची रीत अशी का आहे, हे विचारण्याची उत्सुकता आपण त्यांना देऊ शकलो तर पुष्कळ झाले.

लेकीच्या प्रश्नाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. बरोबर कोण हे मला माहीत नाही, पण कोण कोणाला काय म्हणते ते आपण लिहून काढू, असे म्हटले. मग आम्ही दोघी एक वही घेऊन बसलो. पुण्याला आजीला फोन लावला. एका तासात अठ्ठावीस नाती निघाली आणि आजी त्या दिवशी जितकी बोलली तितकी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. नंतर लेक वही घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेली, मग तिसऱ्या, मग तळमजल्यावर. वही अजून भरते आहे.

या गणेशोत्सवात आरतीनंतर, प्रसादाचे ताट फिरत असताना, तुमच्याही घरी अशी एक वही काढून पाहा. आजी-आजोबा फोनवर आहेत तोवर.

गणपती बाप्पा मोरया!